सात नंबरच्या कोर्टातला पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीवर झुळझुळणारा नव्हे, आणि नाटक सुरू होताना वर जाणाराही नव्हे. मी काचेचा, विजेवर चालणारा, सात नंबरच्या कोर्टातला पडदा. सध्या माझा मुक्काम जुन्या फायलींच्या खोलीत आहे. अंगावर धुळीचा थर आहे आणि ज्या वायरीतून मला चित्र मिळत असे, ती माझ्याच गळ्याभोवती गुंडाळून ठेवली आहे. माझी काही तक्रार नाही. हे वाक्य मी फार जपून वापरतो. का, ते तुम्हाला पुढे कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर जन्मलेले कितीतरी भाऊ दुकानांत गेले, घराघरांत गेले, क्रिकेटचे सामने दाखवू लागले. मला मात्र कोर्टात नेमले. माझ्या डोक्यावर एक बारीकसा कॅमेरा बसवला, टेबलावर एक माइक ठेवला आणि मला न्यायाधीशबाईंच्या समोर, भिंतीतून निघालेल्या लोखंडी हातावर टांगले. पहिल्या दिवशी फीत कापली गेली. एका मोठ्या साहेबांनी भाषण केले. आता कैद्यांना गाडीत कोंबून कोर्टात आणायला नको, ते तुरुंगातल्या खोलीत खुर्चीवर बसतील आणि इथे पडद्यावर हजर होतील, वेळ वाचेल, पोलीस वाचतील, खटले भराभर निघतील, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली होती.

आणि मी कामेही चांगली केली, हे आधी सांगू द्या. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांची साक्ष मी त्यांच्या खाटेजवळून कोर्टात आणली. ज्या माणसाला पाहून एका लहान मुलीची बोबडी वळायची, त्याच्यासमोर तिला उभे राहावे लागले नाही, ती दुसऱ्या खोलीत बसून माझ्यातून बोलली. त्या दिवशी बाईंनी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली. निदान मला तरी ती माझ्यासाठीच वाटली.

पण साहेबांच्या भाषणात एक गोष्ट नव्हती. ती मला कोर्टातल्या जुन्या लाकडी बाकाने सांगितली. पूर्वी कैद्यांची गाडी आवारात थांबायची. गाडीपासून कोर्टाच्या दारापर्यंत मोजून तीस पावले. त्या तीस पावलांत घरची माणसे दोन्ही बाजूंना उभी असायची. कोणी कॉलर नीट करायची, कोणी गालावरून हात फिरवायची, कोणी नुसतीच बरोबर चालायची. हवालदार तेवढा वेळ दुसरीकडे बघायचे. कायद्यात असे काही लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांनी ते सांभाळले होते. मी आलो आणि गाडी बंद झाली. गाडीबरोबर ती तीस पावलेही गेली.

हे मला पटायला एक आई यावी लागली. तिने तीस वर्षे कापडगिरणीत मागांच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या होत्या. गुडघे दुखत, म्हणून ती बाकाच्या टोकाला, पाय लांब करता येतील अशी बसे. तिचा एकुलता एक मुलगा सायकलवरून घरोघर पार्सले पोहोचवायचा. एका चौकात दुकान फुटले. चौकातल्या कॅमेऱ्याच्या मागे बसलेल्या यंत्राने चोराचा अर्धवट दिसणारा चेहरा आणि या मुलाचा चेहरा जुळतो म्हणून सांगितले आणि तेवढ्यावर त्याला पकडून तुरुंगात ठेवले. त्या चौकातून तो दिवसातून दहा वेळा जायचा, तेव्हा यंत्राच्या साठ्यात त्याचा चेहरा असणारच. तो कॅमेरा माझ्याच भावकीतला, म्हणून मला अजून लाज वाटते. चेहरा खरोखर जुळतो का, हे तज्ज्ञांनी तपासून अहवाल द्यायचा होता. अहवाल आला की जामिनाचे बघू, असे ठरले. अहवाल काही येत नव्हता.

पहिल्या तारखेला ती आई आवारात गाडीची वाट पाहत थांबली. पिशवीत मुलाचा इस्त्री केलेला सदरा होता. शेवटी कोर्टाचे लेखनिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, बाहेर आले आणि म्हणाले की मावशी, आता गाडी येत नाही, तो आत पडद्यावर दिसेल. ती धावत आत आली. पण माझे तोंड बाईंकडे होते. तिला दिसली ती माझी पाठ, म्हणजे काळे प्लॅस्टिक आणि चार वायरी. तिच्या मुलाचे नाव पुकारले गेले, तारीख मिळाली, तो गेला, आणि तिने फक्त माझी पाठ पाहिली. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी तिने भाऊसाहेबांना हळूच विचारले की हे जरा वळतं का हो. भाऊसाहेब मनाने मऊ होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला वीतभर वळवले. माझ्याबरोबर माझ्या डोक्यावरचा कॅमेराही वळला. आईला मुलगा दिसला आणि तिकडे मुलाला आई दिसली.

आता आमच्या कोर्टाची एक रीत सांगितली पाहिजे. तुरुंगातल्या खोलीत फार गलका असे. दारे आपटत, नावे पुकारली जात, कोणी खोकत असे. तो सगळा कालवा कोर्टात यायचा आणि बाईंना वकिलांचे बोलणे ऐकू यायचे नाही. म्हणून भाऊसाहेब तिकडचा आवाज बंदच ठेवत. बाईंना काही विचारायचे असेल तरच बटण दाबत. तारखांमागून तारखा जात आणि विचारायचे काही नसे. त्यामुळे माझ्यावर माणसे यायची, ओठ हलवायची आणि जायची.

त्या मायलेकरांना मात्र आवाजाची गरजच नव्हती. शेकडो मागांच्या खडखडाटात शेजारणीचा शब्दही ऐकू येत नाही. तिथल्या बायका ओठांवरून बोलणे वाचतात. आईची ती सवय घरीही सुटली नव्हती आणि मुलगा तिच्याकडूनच ती शिकला होता. चौथ्या तारखेला तिने बाकावरून नुसते ओठ हलवून विचारले, "जेवलास का?" तो माझ्या काचेवरून म्हणाला, "जेवलो." ती म्हणाली, "खोटं." आणि तो हसला.

मग ते ठरूनच गेले. दर चौदा दिवसांनी तीन-चार मिनिटे त्यांचे बोलणे व्हायचे. सरकारी वकिलांना दुपारी डुलकी लागे, तेव्हा तो म्हणायचा, "आई, बघ, साहेब साक्ष देऊन दमले." ती तोंडावर हात धरून हसू दाबायची. तो झोप लागते म्हणाला की ती म्हणायची, "खोटं." तो अंग धरलंय म्हणाला की ती चूप व्हायची, कारण तेवढेच खरे असायचे. भाऊसाहेबांना वाटे, मावशी एकटीच पुटपुटते. मी मात्र दर तारखेला थोडे थोडे शिकत होतो. आठ-दहा तारखांनंतर मलाही ओठांवरचे सगळे कळू लागले. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस कोणते, असे विचाराल तर हेच.

एकोणिसाव्या तारखेला तो माझ्यावर आला आणि मीच दचकलो. गाल आत गेले होते. दोन्ही हातांनी त्याने खुर्ची धरली होती. आईने काही विचारायच्या आधीच त्याचे ओठ हलले. "आई, छातीत दुखतंय. आठ दिवस ताप आहे. गोळी देतात आणि परत पाठवतात. मॅडमना सांग, मला मोठ्या दवाखान्यात न्या."

तोपर्यंत बाईंनी अहवाल आला नाही हे ऐकून पुढची तारीख देऊन टाकली होती. आई उठली. गुडघे विसरून ती बाकामधून पुढे आली आणि बाईंच्या समोर उभी राहिली. पट्टेवाला तिला थांबवायला लागला, पण बाईंनी हाताने त्याला थोपवले.

"मॅडम, माझा मुलगा आजारी आहे," ती म्हणाली. "त्याला छातीत दुखतंय. दवाखान्यात न्या म्हणतोय."

"कधी म्हणाला?"

"आत्ता. तिथून."

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब म्हणाले की आवाज बंद आहे. आईने गिरणीचे सांगितले, ओठांचे सांगितले. मागे कोणीतरी हसले. सरकारी वकील म्हणाले की ओठांवरून वाचलेली तक्रार नोंदवायची तरी कशी. बाई काही दुष्ट नव्हत्या, मित्रांनो. त्यांनी आवाज सुरू करायला सांगितले. पण तारीख मिळाली की तिकडे लगेच पुढच्या कैद्याला बसवतात. मुलाला दंडाला धरून उठवले होते, तो काचेच्या एका कडेला उभा होता. आवाज सुरू होईपर्यंत कॅमेऱ्यासमोर तुरुंगाचा शिपाई वाकला होता. तो म्हणाला, "किरकोळ ताप आहे, मॅडम. औषध चालू आहे."

बाई म्हणाल्या की लक्ष ठेवा. बाहेर अजून साठ प्रकरणे ताटकळत होती.

त्या गडबडीत, आवाज सुरू होण्याच्या जरा आधी, कडेला उभा असलेला तो मुलगा पुन्हा काहीतरी बोलला. आईकडे पाहून बोलला. पण ती बाईंकडे तोंड करून, हात जोडून उभी होती. तिची पाठ माझ्याकडे होती. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यासाठी मोठ्याने बोलत होती, म्हणून तिला त्याचे बोलणे दिसले नाही. मग चित्र बदलले आणि खुर्चीत दुसरा माणूस बसला.

दिवसभरात काय झाले ते कोर्टात रोजनाम्यात लिहितात. भाऊसाहेबांचे काम फार, म्हणून ते सकाळीच सगळ्या प्रकरणांखाली एक वाक्य टाकून ठेवत. "आरोपी पडद्याद्वारे हजर. काही तक्रार नाही." त्या दिवशी या प्रकरणाखालचे वाक्य बदलायचे त्यांच्या ध्यानात राहिले नाही. संध्याकाळी गठ्ठ्याने सह्या झाल्या. दहाव्या दिवशी तो मुलगा तुरुंगातच गेला.

चौदाव्या दिवशी आई आली. मुलाला अग्नी देऊन झाला होता, तरी तारखेची चिठ्ठी तिच्या हातात होती. नाव पुकारले गेले. माझ्यावर रिकामी खुर्ची दिसत होती. बाईंच्या पुढे तुरुंगाचे पत्र होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि खालच्या आवाजात सांगितले की आरोपी मयत असल्याने त्याच्यावरचा खटला संपला.

आई म्हणाली, "म्हणजे सुटला का तो?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तो चोर होता की नव्हता, एवढं तरी सांगा," ती म्हणाली. पण अहवाल आलेला नव्हता, आणि संपलेल्या खटल्यात अहवालाची वाट कोणी पाहत नाही. तो आजही आलेला नाही.

जेवणाच्या सुट्टीत कोर्ट रिकामे झाले, तरी ती बाकावर बसून होती. भाऊसाहेब तिच्याजवळ गेले. त्यांनी तो रोजनामा काढून वाचला होता, त्यांचा चेहरा पडला होता. वाक्य त्यांचेच होते आणि आता सही झाल्यावर त्यातले अक्षरही हलवता येणार नव्हते. तिला ते वाक्य ठाऊकच नव्हते. तिने एवढेच विचारले, "मी मॅडमकडे वळले तेव्हा तो काही बोलला का हो?"

भाऊसाहेबांना खोटे बोलता आले असते. ते म्हणाले, "ओठ हलत होते, मावशी. काय म्हणाला ते मला नाही कळलं."

ती उठून माझ्यासमोर आली. वीज बंद होती, मी काळा होतो. माझ्या काचेत तिला तिचाच चेहरा दिसला. तिने माझ्यावर तळहात ठेवला. मला सगळे ठाऊक होते. ते ओठ माझ्याच अंगावर हलले होते. पण पडद्याला जे दिले जाते तेवढेच तो दाखवतो, स्वतःचे असे त्याला काही सांगता येत नाही. ती गेली आणि पुन्हा कधी आली नाही.

पुढे भाऊसाहेबांनी सकाळी वाक्ये टाकून ठेवणे सोडले. बाईंनी वर पत्र लिहिले, आणि आता सात नंबरच्या कोर्टात तारीख झाल्यावर घरच्यांना पाच मिनिटे पडद्यासमोर बसू देतात, आवाज सुरू ठेवून. पण ते भाग्य माझे नाही. माझ्या जागी माझ्यापेक्षा मोठा, लख्ख पडदा आला आणि मी इथे आलो. नव्याचा मला हेवा वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणी न्यायाधीश व्हाल, कोणी माझ्याहून हुशार यंत्रे बनवाल. तेव्हा समोर कोणाचे ओठ हलताना दिसले आणि शब्द ऐकू आले नाहीत, तर काही तक्रार नाही असे लिहू नका. आधी बटण बघा, थांबा, आणि त्याला पुन्हा विचारा. आणि गिरणीत काम केलेली, गुडघे दुखणारी एखादी आजी तुम्हाला कुठे भेटलीच, तर माझा एवढा निरोप तिला द्या. तिची पाठ वळलेली असताना तिचा मुलगा म्हणाला होता, "आई, बस आता, गुडघे दुखतील तुझे. मी बरा आहे."

तिने पाहिले असते, तर ती म्हणाली असती, "खोटं."