डाव्या कानाचा गंधार

पहिला ठोसा मीच मारला, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नंतर कोणी म्हणायला नको की शंभू स्वतःला गरीब गाय बनवून गोष्ट सांगतो.

गुरुग्रामला एका जिमखालच्या तळघरात नीरजचा स्टुडिओ आहे. नीरज वेब सिरीजवाल्यांना गाणी पुरवतो. पहिलवानांवरच्या एका सिरीजसाठी त्याने माझं गाणं घेतलं होतं. 'मेरे हिस्से की मार, मुझे लौटा दे यार.' शब्द माझे, चालही माझी. आठ वर्षं साबण आणि शेवयांच्या जाहिरातींना दहा-दहा सेकंदांच्या धुना लावल्यावर पहिल्यांदाच कुठेतरी माझं नाव झळकणार होतं. हे गाणं हातचं गेलं असतं तर मी पुन्हा शेवयांत गेलो असतो.

रविवारी सकाळी चार व्हायोलिनवाले आले. त्यातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "चार्ट दीजिए."

चार्ट म्हणजे सूर लिहिलेला कागद. तो माझ्याकडे कधीच नसतो. मी गाणी डोक्यात वागवतो आणि त्याचा मला तोरा होता. म्हटलं, "गाकर बताता हूँ." गायलो. त्यांनी वाजवलं, तर 'मार' या शब्दावर चौघांचे सूर चार दिशांना. पुन्हा गायलो. पुन्हा तेच. म्हाताऱ्याने गज खाली ठेवला.

"भैया, आप हर बार अलग गा रहे हो. गंधार कोमल है या शुद्ध?"

मला सांगता येईना. लोक माझ्या त्या डुगडुगत्या सुराला माझी स्टाईल म्हणायचे, मीही तेच धरून बसलो होतो. बाकीचे तिघे गालात हसायला लागले. काचेपलीकडून माईकवर नीरजचा आवाज आला, "अरे, इसको क्या पता! ये फील वाला आदमी है, यार!" आणि तोही खो-खो हसला.

माझं डोकं फिरलं. दार ढकलून आत गेलो आणि त्याच्या नाकावर ठोसा ठेवून दिला. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर आलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मग हाताला लागला तो माईकचा स्टँड उचलून काचेवर घातला. काच फुटली नाही, पण वरच्या जिममधले दोन ट्रेनर धावत खाली आले. त्यांनी मला जिन्यात नेलं. एकाने मागून हात धरले, दुसऱ्याने पोटात गुडघा घातला. मी खाली वाकलो तसा त्याने पसरट पंजा माझ्या उजव्या कानावर हाणला. आत काहीतरी कागदासारखं टरकन फाटलं. त्यानंतरच्या लाथा मला दिसल्या, ऐकू आल्या नाहीत.

कॅबमध्ये नीरजचा मेसेज आला. पोलिसात गेलास तर गाणं विसर, मी दुसऱ्याकडून करून घेतो. गुरुवारी हेच वाजवणारे परत येतील. चार जणांचे चार चार्ट घेऊन ये, बरोबर असतील तर गाणं तुझं.

दिल्लीत द्वारकाला घरी पोचलो तेव्हा उजव्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. डाव्या कानाने बोलणं कळत होतं, सूर मात्र कळत नव्हता. आईने माझा ओठ पुसला, हळद लावली आणि माझ्या वाटचा सगळा राग भांडी आपटून काढला. आणि समोरच्या खुर्चीत अप्पा, म्हणजे माझे वडील, मारुतराव, निवृत्त हवालदार, आर्मी बँडमध्ये सव्वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस.

अप्पा साताऱ्याकडच्या खेड्यातून फौजेत आले. बँडमध्ये त्यांना पाच रेघांवर सूर लिहायला आणि वाचायला शिकवलं. इतर लोक पेपर वाचतात तसे ते सूर वाचतात. मी सात वर्षांचा झालो तसं कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये त्यांनी मलाही शिकवायला घेतलं. एक हातभर लांब काळी छडी होती. ती चुकलेल्या बोटावर पडायची. एकदा सूर फारच चुकला तेव्हा छडी बाजूला ठेवून त्यांनी हात वापरला. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यांनी शुद्ध गंधार गाऊन दाखवला होता आणि मी कोमल गायलो होतो. त्यानंतर माझा गंधार कधी बरोबर आलाच नाही, आणि छडी काही थांबली नाही. पंधराव्या वर्षी मी त्यांची क्लॅरिनेट गच्चीवरून खाली फेकली. तिचे तुकडे उचलताना ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती बघून मला शिकवणी संपल्याचं कळलं. त्या दिवशी मी शपथ घेतली होती की गाणी करीन, पण त्यांच्या पाच रेघांना हात लावणार नाही.

रविवारी संध्याकाळी मी ती शपथ मोडली. त्यांच्यापुढे फोन धरला, नीरजचा मेसेज वाचून दाखवला आणि म्हणालो, "चार्ट लिहून द्या."

"लिहून देणार नाही," ते माझ्या डाव्या बाजूला येऊन मोठ्याने म्हणाले. "शिकवीन."

"आता ऐकूसुद्धा येत नाही मला, अप्पा!"

"मग गाऊ नकोस. मोज."

सोमवारी सकाळी त्यांनी मला बिल्डिंगच्या जिन्यात उभं केलं. प्रत्येक पायरी अर्धा सूर. आमचा मजला म्हणजे सा. दोन पायऱ्या चढलं की रे, चार चढलं की शुद्ध गंधार, तीनवर थांबलं तर कोमल. बारा पायऱ्या चढल्या की वरचा सा. मी माझं गाणं त्या जिन्यात पायांनी चढलो-उतरलो. लिफ्ट बंद आहे की काय म्हणून शेजारच्या सुनयनाताई दोनदा विचारून गेल्या. मग तेच वरखाली होणं आम्ही कागदावर घेतलं. छडी टेबलावर त्यांच्या हाताजवळच होती. मी चुकलो की त्यांची बोटं तिच्याकडे सरकायची, आणि मग ते हात मांडीखाली घेऊन बसायचे.

मंगळवारी कागद भरत आला तेव्हा मला माझं गाणं पहिल्यांदा दिसलं. अंतऱ्यात ते मिळमिळीत का होतं, हे मला वर्षभर कळलं नव्हतं. कागदावर ते पोरालाही कळलं असतं. चारही व्हायोलिनच्या ओळी हातात हात घालून एकदम वर चढत होत्या, कोणी कोणाशी भांडतच नव्हतं.

"एकाला सा वर बसवून ठेव," अप्पा म्हणाले. "बाकीचे चढले की तो त्यांना टोचेल. मारामारीचं गाणं आहे ना? मग सुरांना लढू दे."

मी एका ओळीला सा वर बसवलं. नुसतं वाचूनच सूर एकमेकांना भिडताना दिसले. इतका आनंद झाला की आधी हसलो, आणि लगेच असा राग आला की पेन्सिल मोडली. हे असं, जिन्यात, न मारता शिकवता येत होतं तर वीस वर्षांपूर्वी काय धाड भरली होती? मी दुसरी पेन्सिल घेतली.

बुधवारी दुपारी सेक्टरमधल्या कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. अप्पा सोबत आले. डॉक्टर चेतना, तरुण बाई. त्यांनी नळीने दोन्ही कान बघितले, यंत्रावर शिट्ट्या ऐकवल्या आणि मग त्या दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बसल्या.

"राइट कान का पर्दा भर जाएगा," त्या म्हणाल्या. "लेफ्ट वाला पुराना है. बचपन में चोट लगी थी? पर्दे पर निशान है, अंदर की नस को भी नुकसान है. इस कान को सुर अपनी जगह से हटकर सुनाई देता है. दोनों कान साथ में कभी मिलेंगे नहीं."

मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "मैंने मारा था. आठ साल का था."

"क्यों?"

"सुर गलत लगाया था."

डॉक्टरांनी रिपोर्ट फाइलमध्ये घातले आणि आमच्या दोघांकडे न बघता म्हणाल्या, "तो उसके बाद सही कैसे लगाता?"

आम्ही पार्किंगमध्ये आलो. तिथे मी अप्पांची कॉलर धरली आणि त्यांना कोणाच्या तरी गाडीवर आपटलं. गाडीचा अलार्म केकाटायला लागला.

"सात वर्षं!" मी ओरडलो. "तुम्हीच कान फोडलात आणि तुम्हीच सात वर्षं मला बहिरा म्हणून झोडपलंत! मी ढ आहे असं मी आजवर मानत आलो, अप्पा! झोपेतसुद्धा मानलं!"

ते सुटायची धडपड करत नव्हते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पाय जुळवले, हात पँटच्या शिवणीला लावले आणि परेडला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. सत्तरीचा माणूस. मला वाटलं होतं, हे बघून माझा हात खाली येईल. नाही आला. मी त्यांच्या डाव्या कानावर मारलं, पूर्ण ताकदीने. ते गुडघ्यावर बसले. वॉचमन शिट्टी फुंकत आला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. "घर का मामला है," म्हणाले. माझा तळवा जळत होता. बरं वाटलं नाही, अजिबात नाही, नीरजच्या वेळी वाटलं होतं तसं तर मुळीच नाही.

घरी आलो. आईने आधी त्यांचा कान बघितला, मग माझं तोंड. "घ्या एकदाचा एकमेकांचा जीव," म्हणाली आणि दोघांपुढे चहा आदळला.

शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या. अप्पा टेबलाशी बसले, छडी उचलली आणि माझ्या बाजूला, माझ्या हाताजवळ ठेवली. मग कागद पुढे ओढला. 'मार' या शब्दावरचा सूर आम्ही तीन दिवस रिकामा सोडला होता.

"इथे शुद्ध गंधार येणार," ते हळू म्हणाले. "सगळं गाणं शुद्धचं आहे. कोमल नियमाने चूक."

"माहीत आहे. कोमल लिहा."

"शंभू, चार व्हायोलिनं आहेत. चारही ठिकाणी चूक लिहू?"

"आतापर्यंत ती माझ्याकडून होत होती. आता मी ती करतोय. सगळं शुद्ध चालू असताना त्या एकाच शब्दावर पायरी चुकली पाहिजे, ऐकणाऱ्याचा पाय घसरला पाहिजे. हेच शिकवलंत ना जिन्यात? लिहा."

अप्पांनी पेन उचललं. मग त्यांनी आपल्या त्या छापल्यासारख्या अक्षरात कोमलाचं चिन्ह काढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चौथ्या कागदावर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं आणि शाई फुटली, म्हणून तो कागद त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

गुरुवारी ते माझ्याबरोबर गुरुग्रामला आले. नीरजच्या नाकावर पट्टी होती. जिन्यात माझ्या कानावर मारणारा ट्रेनर उभा होता, त्याने मान फिरवली. मी चार चार्ट चार स्टँडवर ठेवले. म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याने आपला कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि 'मार'पाशी थांबून माझ्याकडे बघितलं.

"कोमल? पक्का?"

"पक्का. लिखा है."

त्यांनी वाजवलं. मला धड ऐकू येत नव्हतं, पण मी कागदावर बोट ठेवून चाललो होतो. एक गज सा वर घासत राहिला, बाकीचे तीन त्याच्या अंगावर चढत गेले, आणि त्या शब्दाला सा वरचाही त्यांना येऊन मिळाला आणि चौघांचीही बोटं एकदम शुद्ध गंधाराऐवजी अर्धा सूर खाली, कोमलावर घसरली. सगळ्यांची, एकाच जागी. नीरज खुर्चीतून उठून उभा राहिला.

काचेपलीकडे अप्पा बसले होते. तो सूर आला तसा त्यांचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी आपला डावा कान झाकला.

"परफेक्ट," नीरज माईकवर म्हणाला. "पहला ही टेक ओके."

"फिर से," मी म्हणालो.

"ओके है, भाई!"

"फिर से."

मी अप्पांकडे बघत ती ओळ व्हायोलिनवाल्यांना सात वेळा वाजवायला लावली. सातव्या वेळी अप्पांनी कानावरचा हात काढला आणि ऐकलं.