हरणाबाईंनी पूजलेली तबकडी

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. तुमच्या घरातल्या मोठ्यांनी खिशात मावणाऱ्या फ्लॉप्या पाहिल्या असतील, पण त्या माझ्या नातींच्या वयाच्या. मी चांगली भाकरीएवढी आहे. अंगात काळा चौकोनी कोट, कोटाच्या आत तपकिरी रंगाची पातळ गोल तबकडी. कोटाला एक लांबट खिडकी ठेवलेली आहे आणि तिच्यातून माझे अंग उघडे दिसते. यंत्र त्या खिडकीतूनच मला वाचते, म्हणून तिथे कोणी बोट लावलेले मला मुळीच खपत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी कोरी होते आणि मला काहीच येत नव्हते. मग मुंबईच्या एका कंपनीने माझ्या अंगावर विद्या उतरवली. टेबलावरचा कॉम्प्युटर नुसता विजेवर जागा होत नाही. कळ दाबली की पडद्यावर अक्षर कसे उमटवायचे, कागदावर कसे छापायचे, कुठली माहिती कुठून काढायची, हे सारे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते मी सांगत असे. मोठी माणसे या विद्येला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मी खाचेत शिरले की कॉम्प्युटर शहाणा, मी बाहेर आले की तो लोखंडी डबा. एवढा मान मिळाल्यावर थोडा ताठा येणारच, तसा तो मला आला होता.

सन १९७९ च्या श्रावणात मी कॉम्प्युटरबरोबर सांगलीला आले. तिथे नानासोंचे तेलइंजिनांच्या आणि पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचे मोठे दुकान होते. उंब्रज आणि म्हसवड इथे त्यांच्या शाखा होत्या. कुठला भाग कुठल्या दुकानात, कुठल्या फळीवर आहे, याचा कोणालाच पत्ता लागत नसे. म्हणून नानासोंनी कॉम्प्युटर मागवला, पण विकत घेतला नाही. ते पक्के व्यापारी होते. कोजागिरीपर्यंत वापरून बघायचे, उपयोगाचा वाटला तर ठेवायचा, नाहीतर कंपनीने परत न्यायचा, असे ठरले होते.

कॉम्प्युटर चालवायला त्यांनी आकाराम हवालदारांना नेमले. ते सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेश पाठवण्याच्या कामावर होते, इंग्रजी अक्षरांच्या कळा भराभर दाबायची त्यांना सवय होती. निवृत्त होऊन नुकतेच गावी आले होते. त्यांचे गाव सांगलीपासून सायकलच्या अंतरावर होते. त्यांच्या पत्नी हरणाबाई रोज दुपारी भाकरी घेऊन येत आणि लांबूनच कॉम्प्युटरकडे बघत. त्यांनी संसाराची उमेदीची वर्षे नवऱ्याच्या पत्रांवर काढली होती. ही नोकरी टिकली तर नवरा रोज संध्याकाळी घरी येणार होता. कॉम्प्युटर परत गेला तर मात्र हवालदारांना मुंबईला जावे लागणार होते. तिथल्या एका पाहुण्याने त्यांच्यासाठी पहारेकऱ्याची जागा बघून ठेवली होती.

सुरुवातीला दुकानातल्या मंडळींची आणि माझी फार गंमत झाली. पहिल्याच दिवशी नानासोंनी एका बोटाने, कळ शोधत शोधत, इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ असा शब्द उमटवला. मला तो शब्द कोणी शिकवला नव्हता. न कळलेला शब्द तसाच परत लिहायचा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवायचे, एवढेच मला माहीत. मी तसे केले.

नानासोंचा चेहरा उतरला. “मालकानं रामराम घातला तर ह्यो उलट विचारतोय, नमस्कार कशाचा म्हणून! लय शिष्ट दिसतोय.”

“मालक, त्याला हुकूम लागतोय. रामराम न्हाई,” हवालदार म्हणाले.

गोदाम सांभाळणारे तात्याबा तर माझ्यापुढे हात जोडूनच उभे राहत. गावात देवाला कौल लावतात ना, तसाच ते मला लावत. “पाच घोड्यांच्या इंजिनाचा पिस्टन हाय का, विचारा.” नाही असे उत्तर आले की म्हणत, “परत एकदा लावा हवालदार, मगाशी मन लावून विचारलं न्हाई.” दहा वेळा विचारले तरी मी तेच सांगते, हे त्यांना पटायला महिना गेला. पण हळूहळू माणसे रुळली. दोन्ही शाखांतली माहिती फोनवरून येई, हवालदार ती माझ्या जोडीच्या दुसऱ्या तबकडीवर उतरवत आणि मी ती हवी तेव्हा काढून देई. तात्याबांचे गोदामातले हेलपाटे कमी झाले. माझे कौतुक होऊ लागले आणि मला ते आवडू लागले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कामाच्या हत्यारांची पूजा करतात. दुकानात पान्यांना, तराजूला, टाइपरायटरला झेंडूची फुले वाहिली. नानासोंनी सगळ्यांना घरच्या मंडळींसह बोलावले होते. हवालदारांनी मला खाचेतून काढून, कागदी पाकिटात घालून कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवले आणि ते नारळ आणायला गेले.

हरणाबाई ताट घेऊन पुढे आल्या. त्यांनी तात्याबांना विचारले, “दादा, ह्या यंत्राचा जीव कशात हाय म्हनायचा?”

“त्या काळ्या तबकडीत,” तात्याबा म्हणाले. “ती नसली तर ह्यो नुसता डबा, असं हवालदारच म्हणत्यात.”

झाले! हरणाबाईंनी मला पाकिटातून अलगद बाहेर काढले. सगळे अंग काळ्या कोटाने झाकलेले आणि एक जागा तेवढी मोकळी. ती जागा त्यांना कपाळच वाटली. त्यांनी पाण्यात कालवलेली हळद लावली, तिच्यावर कुंकू लावले, अक्षता टाकल्या आणि माझ्यापुढे डोळे मिटून पुटपुटल्या, “बाई गं, आता आमच्या धन्याला लांब पाठवू नगंस.” मग त्यांनी मला पुन्हा पाकिटात घालून जागेवर ठेवले.

मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला कोणी कधी हात लावला नव्हता. आणि इतके नुकसानही कोणी केले नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हवालदारांनी मला पाकिटातून काढले आणि ते खुर्चीत बसूनच राहिले. ओली हळद खिडकीतून आत उतरून वाळली होती. त्यांनी मला तसेच खाचेत घातले नाही, हे शहाणपण केले, नाहीतर कॉम्प्युटरही बिघडला असता. मुंबईला ट्रंक कॉल लावला. दुसरी तबकडी पाठवायला कंपनीला दिवाळी उलटणार होती. कोजागिरी तर चार दिवसांवर आली होती.

दुपारी भाकरी घेऊन आलेल्या हरणाबाईंना सारे कळले. तात्याबा छताकडे बघू लागले. नानासोंनी “कुणी केलं ह्ये?” असे विचारताच हरणाबाई पुढे झाल्या.

“म्या लावलं कुंकू. ह्यांचा काय दोष न्हाई त्यात. जीव कशात हाय ते इचारलं, आन् त्यालाच लावलं.”

नानासोंचा आवाज खाली आला. “वैनी, पूजेला मीच बोलवलं तुमाला. तुमाला काय बोलू? पण चालू झालं न्हाई तर डबा ठेवून मी करू काय?”

ते खोटे बोलत नव्हते. हरणाबाईंनी डोळ्याला पदर लावला. पण हवालदार उठून उभे राहिले. शिरवळच्या एका कारखान्यात अगदी असाच कॉम्प्युटर आहे, हे कंपनीच्या माणसाकडून त्यांनी ऐकले होते.

“आमच्या फौजेत एका चौकीचा वायरलेस सेट बंद पडला की शेजारच्या चौकीवर जायचं असतंय,” ते म्हणाले. “उद्या शिरवळला जातो.”

“म्या बी येणार,” हरणाबाई म्हणाल्या. “म्या केलंय, म्याच निस्तरनार.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून हरणाबाईंनी मला मांडीवर घेतले होते. कराड गेले, उंब्रज गेले, सातारा गेला, पण त्यांनी मला खाली ठेवले नाही. कंडक्टरने विचारले, “मावशी, गाण्याची तबकडी का?”

“न्हाई बाबा,” त्या म्हणाल्या, “आमच्या धन्याची नोकरी हाय ती.”

शिरवळच्या कारखान्यात चंद्राबाई नावाच्या बाई कॉम्प्युटर चालवत असत. त्यांनी मला उजेडात धरले आणि त्या हसल्या. हरणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण चंद्राबाई लगेच म्हणाल्या, “आवं, रडताय कशाला? आमच्या मॅनेजर सायबांनी आमच्या तबकडीवर चहा सांडला हुता. निदान तुमी देवाचं तरी केलंसा.”

कोरी तबकडी त्यांच्यापाशीही नव्हती, म्हणून मला धुवायचे कसे आणि माझ्यावर पुन्हा विद्या उतरवली तर चालेल का, हे त्यांनी मुंबईला फोन करून कंपनीला विचारून घेतले. मग कात्रीने माझ्या कोटाची एक बाजू उसवली आणि मला बाहेर काढले. कोटाशिवाय मी इतकी पातळ, इतकी लिबलिबीत दिसत होते की माझा सारा ताठा तिथेच उतरला. चंद्राबाईंनी साबणाचे अगदी पातळ पाणी केले आणि म्हणाल्या, “घासायचं न्हाई. नुसतं पाणी फिरवायचं. तुमीच धुवा, तुमचा हात हलका दिसतोय.”

हरणाबाईंनी मला तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावे तसे न्हाऊ घातले. कुंकू गेले. हळदीचा पिवळा डाग काही जाईना, पण वरचा थर निघाला. सावलीत वाळवून चंद्राबाईंनी मला एका टाकाऊ फ्लॉपीच्या कोटात घातले आणि त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सरकवले. तो नुसता घरघरला. मला तो ओळखेचना! हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली.

“परत धुवूया,” हरणाबाई म्हणाल्या. “म्या कडंला पाणी फिरवलं न्हाई नीट.”

त्यांनी मला पुन्हा धुतले, पुन्हा वाळवले. मी पुन्हा खाचेत शिरले. या वेळी घरघर थांबली, दिवा लुकलुकला आणि चंद्राबाईंच्या तबकडीवरची सगळी विद्या एकामागोमाग एक माझ्या अंगावर उतरू लागली. तुम्ही विचाराल, सगळे पुसून नव्याने लिहिले, तर तुला आधीचे आठवते कसे? यंत्रासाठी शिकलेले तेवढे पुसले गेले. माणसांचे जे पाहिले ते कुठे जाणार?

कोजागिरीला सकाळीच कंपनीचा माणूस आला. कॉम्प्युटर परत न्यायचा झाला तर म्हणून टेम्पोही दारात उभा होता. नानासो गादीवर बसले होते. तेवढ्यात म्हसवडचा अर्जुना नावाचा शेतकरी धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला, इंजिनात तेल फवारणारा फुटका नोझल घेऊन दुकानात शिरला. विहिरीवरचे इंजिन बंद पडले होते आणि कांद्याची रोपे सुकायला लागली होती.

“मालक, एवढा आसंल तर द्या. तुमच्या म्हसवडच्या दुकानात न्हाई म्हनले, म्हनून इथवर आलोय.”

तात्याबांनी फळ्या पाहिल्या. सांगलीत नोझल नव्हता. हवालदारांनी हातरुमालाने हात पुसले आणि मला खाचेत सरकवले. दारात हरणाबाई उभ्या होत्या. पडद्यावर हिरवी खूण उमटली. हवालदारांनी हुकूम दिला, मी जोडीच्या तबकडीवरून माहिती काढली आणि पडद्यावर मांडली. म्हसवडच्या दुकानात तसे दोन नोझल होते.

“मंजे माझ्याच गावात?” अर्जुना ओरडला.

नानासोंनी म्हसवडला फोन लावला. तिकडून पुन्हा नाहीच म्हणाले. “आरं गड्या, वरच्या फळीवर मागं हात घालून बघ की!” नानासो म्हणाले. थोड्या वेळाने तिकडून उत्तर आले. पंख्यांच्या पट्ट्यांच्या मागे एक खोका होता आणि त्यात दोन नोझल होते.

“काखेत कळसा आन् गावाला वळसा!” नानासो मांडीवर थाप मारून हसले. मग कंपनीच्या माणसाकडे वळून म्हणाले, “टेम्पो रिकामाच न्या सायेब. आमचा डबा आमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.”

तात्याबांनी माझ्यापुढे हात जोडले. या वेळी मीही तो नमस्कार हक्काने घेतला. अर्जुना एसटीला निघाला, त्याच्या परतीच्या भाड्याचे नानासोंनीच बघितले.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. पुढे लहान फ्लॉप्या आल्या, नवे कॉम्प्युटर आले आणि मला कोणी विचारेनासे झाले. आता मी हवालदारांच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात असते. मला वाचू शकेल असे यंत्र आता जवळपास कुठे उरले नसावे. वाईट वाटते, नाही असे नाही. पण मला कोणी टाकून दिले नाही, आणि म्हाताऱ्या वस्तूला याहून जास्त काय हवे असते?

मित्रांनो, तुम्हीही वस्तूंवर माया करा. फक्त माया करण्याआधी त्या वस्तूला काय सोसते आणि काय सोसत नाही, ते जाणत्या माणसाला विचारून घ्या. आणि मायेने कोणाच्या हातून चूक झालीच, तर त्या माणसाला टाकून बोलू नका. त्याला बरोबर घेऊन चूक निस्तरा. बिघडलेले पुष्कळदा नीट होते, हे मी स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी नानासोंनी हवालदारांना विचारले होते, “मुंबईच्या पाव्हण्याला कळवलं का, येत न्हाई म्हणून?”

“कळवतो की,” हवालदार म्हणाले. “पण आता जावं म्हटलं तरी सामान भरू कशात? काल घरी गेलो, तर हिनं माझी सैन्यातली ट्रंक रिकामी करून त्यात जोंधळं भरल्यात. वर कुलूप घातलंय, आन् किल्ली हिच्या कमरंला हाय.”