पहिल्या हाकेला

गिरजाबाईची मान आधी वळायची, डोळे मागून जायचे. आठवणीत शिरणाऱ्या माणसाचे डोळे आधी सरकतात. कानावर काही पडलं तर मान आधी वळते. निदान संघप्रियाने मुलाखती घेताना असं पाहिलं होतं. गिरजाबाईची मान खिडकीकडे, धानाच्या बांध्यांकडे वळली, क्षणभर तशीच राहिली, आणि मग ती म्हणाली, "गेला."

संघप्रिया गडचिरोलीला मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रात्यक्षिकासाठी विभागाने तिला सावली तालुक्यातल्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात पाठवलं होतं. गिरजाबाईचा मुलगा पोचू मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेला तो परत आला नाही. जंगलखात्याच्या माणसांना त्याचा शर्ट तेवढा सापडला. तेव्हापासून दिवस मावळताना बांधावरून हाक येते, असं गिरजाबाई सांगायची. एकच.

"कशी येते?"

गिरजाबाईने ती काढून दाखवली. "वो माय..." शेवट जरासा वर उचललेला, काही विचारल्यासारखा.

"मग तुम्ही ओ देता?"

"पहिल्या हाकेले कोनी ओ देते का, बाई? मानूस असन त दुसऱ्यांदा मारते. दुसरं काही असन त एकदाच. मी दुसरीची वाट पाहून राह्यली." मग तिने संघप्रियाच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमी शिकलेल्या. सांगा ना, देऊ का ओ?"

शिकाऊ विद्यार्थ्याने सल्ला द्यायचा नाही, असा नियम होता. "मॅडमना विचारून सांगते," म्हणून संघप्रिया उठली. प्रात्यक्षिक संपलं. सांगणं राहून गेलं.

होळीच्या सुमारास तिलाही हाक ऐकू येऊ लागली. होस्टेलच्या मागे सागाची झाडं होती. उन्हं उतरली की तिकडून यायची, "प्रिया वो..." तोच वर उचललेला शेवट. पोचूला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज तिला माहीत होता तो त्याच्या आईच्या तोंडून. अशा ऐकण्याला पुस्तकात नाव होतं, त्यावरचा प्रश्न तिने चांगला सोडवलाही होता. पण सागाच्या वाळल्या पानांतला वारा पडला की ते नाव कुठल्या कुठे जायचं आणि हाक तेवढी राहायची.

गोंडपिपरीला तिच्या घरी भूत हा शब्द चालत नसे. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव गेले, अंगारेधुपारे गेले, उंबऱ्यावरची लिंबंसुद्धा गेली. राहिली ती एवढीच एक सवय: दिवेलागणीला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. वडील हरिदास, पेशाने मास्तर, यावरून आईला चिडवायचे. आई म्हणायची, "भूतबित काही नाई. पन एका हाकेले उठून धावाचं, हे काय वळन झालं?" आणि वडीलही, चिडवून झाल्यावर, दुसऱ्या हाकेलाच उठायचे.

विभागात बाकी सगळ्यांचं ठरलं होतं. सरिता समुपदेशनाचा डिप्लोमा करून आश्रमशाळेत लागणार होती. विक्कीला चंद्रपूरच्या कारखान्यांत कामगारांच्या चाचण्या घ्यायच्या होत्या. क्लिनिकलचं प्रशिक्षण नागपूरला, मनोरुग्णालयाच्या वॉर्डात राहून करायचं. त्यासाठी विभाग एकाच नावाची शिफारस करायचा. विभागप्रमुख वेलादी मॅडमनी ती दिवाळीपासून संघप्रियासाठी राखून ठेवली होती. होळीनंतर मॅडमनी विचारलं की दर वेळी संघप्रिया म्हणायची, "सांगते, मॅडम." काय सांगणार? जिला स्वतःलाच आवाज येतो तिच्या हाती पेशंट कोण देईल? आणि लपवून गेली, तर वॉर्डातली एखादी बाई आपले आवाज सांगत असताना, त्यातला आपला कुठला हे तिला कसं कळेल?

शिफारस पाठवायच्या दिवशी ती संध्याकाळी लायब्ररीतून उतरत होती. हाक आली. तिने मान खाली घातली आणि भरभर चालत सुटली. गेटजवळ विक्कीने गाठलं.

"काय वो, मोठी सायबीन झाली का तू? मॅडम हाक मारून राह्यल्या अन् तू बकरीवानी खाली मुंडी घालून निंगाली!"

"कोण मॅडम?"

"वेलादी मॅडम! पायऱ्यावरून. मी समोरच समोसा खाऊन राह्यलो होतो. मले म्हने, हिले जायचं नसन, तू जाते का नागपूरले? म्या म्हटलं, नोको मॅडम, मले आतच ठेवून घेतीन ते." तो हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला. "यंदा कोनीच नाई असं कळवून राह्यल्या त्या. पळ ना, काऊन उभी राह्यली?"

ती उभी राहिली, कारण हाक तिने ऐकली होती. मॅडमचाच आवाज होता, आणि तिला तो पोचूचा वाटला होता. आजवर तो सागाच्या झाडांत राहत होता. आता माणसांच्या गळ्यात येऊ लागला होता.

मॅडमच्या खोलीत दिवा लागला नव्हता. "आता काय?" त्यांनी लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं.

"मॅडम, हाक ऐकली होती मी. पण तुम्ही एकदाच मारली."

मॅडमचा हात थांबला. त्या मूळच्या एटापल्लीकडच्या. "अगं बाई," त्या हळू म्हणाल्या. "शहरात राहून मोडली बघ माझी दोनदा हाक मारायची सवय. पण कॉलेजात? मला भूत समजलीस का?"

"तुम्हाला नाही," संघप्रिया म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं.

मॅडमनी मधे तोडलं नाही. झाल्यावर एकेक विचारत गेल्या. काय म्हणतो? फक्त नाव. काही करायला सांगतो? नाही. झोप? लागते, मोडते. जेवण? बरं.

"आत्ता येतोय?"

खिडकीबाहेर उजेड विझत आला होता. "हो."

मॅडम टेबलाला वळसा घालून आल्या आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. दोघी ऐकत राहिल्या.

"मला येत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, दचकल्या नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. "तुला येतो, मला येत नाही. इथून पुढे बोलू. संशोधनाला बस, माणसं कागदावर राहतील, तुला कोणी काही विचारणार नाही. सरितासारखा डिप्लोमा कर, तोही चांगला आहे. क्लिनिकल म्हणशील तर आधी तुझी तपासणी. वर्ष जाईल. पुढच्या वर्षी शिफारस मिळेलच असं मी आज म्हणणार नाही. आणि नागपूरला हे सांगूनच जावं लागेल."

बाहेर हाक आली, एकदाच, अगदी खिडकीशी. संघप्रियाची मान तिकडे वळली. पण शेजारच्या खुर्चीत, काहीच ऐकू येत नसताना, एक माणूस उठून न जाता बसलं होतं. गिरजाबाईजवळ असं कोणी बसलं नव्हतं. तीसुद्धा नाही.

"क्लिनिकलच, मॅडम," ती म्हणाली. "वर्ष जाऊ दे. आधी माझा केस पेपर काढा, मग मी नागपूरला जाते."