मुलाकडून मुलाकडे जाणारी रेघ

मी एक आराखडा आहे. कागदावर पेन्सिलने आखलेल्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढेच माझे शरीर. संगणकात माहितीचा एक कणही शिरण्यापूर्वी नोंद कोणाची ठेवायची आणि कोणाचे कोणाशी नाते आहे, हे ठरवण्यासाठी मला काढले गेले. इमारतीआधी जसा नकाशा, तसा माहितीसाठ्याआधी मी.

माझा जन्म एका बालगृहाच्या कार्यालयात, पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेल्या टेबलावर झाला. मला आखणारी बाई कष्टाळू होती. पंधरा दिवस तिने मुलांची कार्डे वाचली. 'मूल' ही पहिली चौकट, 'दत्तक कुटुंब' ही दुसरी. प्रत्येक रेघ ओढण्यापूर्वी ती मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना विचारीत असे.

"मावशी, एक मूल एकाच कुटुंबात जातं ना?"

"एकाच. अर्धं-अर्धं वाटून कसं देणार, बाई?"

दोघी हसल्या. मलाही त्या दिवसांत स्वतःचा अभिमान वाटे.

कार्डांवर लिहिलेले सारे माझ्यात आले. परंतु एका पुरानंतर चाळीस-पन्नास मुले एकाच दिवशी आणली गेली होती आणि त्यांच्या आईबापांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांतील भावंडे कोणती, हे मावशींनी कधी लिहिले नाही. भावंडांची कार्डे मावशी एका टाचणीत अडकवून ठेवत. मावशींच्या लेखी तीच नोंद होती. आखणारीच्या लेखी ती नुसती टाचणी होती. रोज हाताने होणारे काम सांगण्याजोगे असते, असे करणाऱ्याला वाटत नाही. आणि विचारणारा अक्षरांवर विसंबतो.

पुढे मावशी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेल्या. त्याच आठवड्यात कार्डे संगणकात चढली. कार्डे वाचणाऱ्या यंत्रात अडकू नयेत म्हणून कारकुनाने टाचण्या काढल्या आणि कार्डे क्रमांकाने लावली.

"टाचण्या कुठे गेल्या रे?" परतल्यावर मावशींनी विचारले.

"डबीत आहेत, मावशी. एकही हरवू दिली नाही."

मावशी खुर्चीत बसल्या. मग त्यांनी आठवून आठवून अकरा जोड्या सांगितल्या. व्यवस्थापक म्हणाले, "या भरायच्या कुठे? तसा रकानाच नाही." रकाना नव्हता, कारण 'मूल' या चौकटीतून निघून तिच्याकडेच परतणारी, मुलाला मुलाशी जोडणारी रेघ माझ्यात नव्हती. अखेर मावशींनी ते अकरा जोड-क्रमांक माझ्या पाठीवर लिहिले. बाकीची भावंडे वेगवेगळ्या घरी गेली.

बावीस वर्षांनी एक तरुण स्त्री आली; तीही त्या पुरानंतर आणलेल्या मुलांतली. मावशी तेव्हा हयात नव्हत्या. तोच कारकून आता हेडक्लार्क झाला होता.

"माझ्या कडेवर एक लहानगा असायचा," ती म्हणाली. "भाऊच होता. माझ्याकडून जेवायचा, दुसऱ्या कोणाकडून नाही. एवढंच आठवतं."

हेडक्लार्कने संगणक पाहिला. तिच्याबरोबर त्या दिवशी आलेले लहान मुलगे एकोणीस होते. मग त्याने मला फडताळातून काढून उलटे केले आणि अकराही ओळींवरून दोनदा बोट फिरवले. तिचा क्रमांक कोठेच नव्हता.

"टाचण्या मीच काढल्या होत्या, ताई," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिले.

त्याने आखणारीला बोलावून घेतले. तिचे केस आता पांढरे झाले होते. माझ्यावर वाकून तिने 'मूल' चौकटीतून एक रेघ बाहेर काढली आणि वळवून त्याच चौकटीत आणून सोडली.

"ही मला त्याच्यापर्यंत नेईल?" तरुण स्त्रीने विचारले.

"नाही. तुमच्या वेळचं हिच्यात भरायला काही उरलं नाही. पुढच्या मुलांना उपयोगी पडेल."

"मग जाड काढा," ती तरुण स्त्री म्हणाली.

माझ्यासारखे आराखडे आखणाऱ्यांनो, कार्डे वाचून झाली की ती सांभाळणाऱ्याचे हातही थोडा वेळ न्याहाळत जा. माझी तेवढीच विनंती. गेल्या महिन्यात दोन बहिणी आल्या, त्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडल्या गेल्या. मी फडताळात आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. ती स्त्री दर महिन्याला फोन करते. कोणी भाऊ चौकशीला आला का, हे हेडक्लार्क उत्तर माहीत असूनही संगणकात पाहतो, आणि मग तिला सांगतो.