भिंगरीला उत्तर

धाकट्या भावाच्या एका पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं. कोणत्या पानात, तेही पाठ होतं. बायकोने दोनदा विचारलं, "लोणचं घालताय का त्या पत्राचं?"

भावाला सगळे भिंगरी म्हणतात. तीस वर्षं तो सिनेमात हवेत गिरक्या घेऊन लाथा मारत आला. तितकीच वर्षं मी नाटकाच्या विंगेत उभा राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. चाळीस नाटकं तोंडपाठ होती, पण उजेडात जाऊन एक वाक्य बोलायची छाती झाली नाही. त्याच्या लाथांचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या मला नकोच होत्या.

पण पत्रात त्याने लिहिलं होतं, की एका गुन्हेपटात काम मिळालंय. मुलाने केलेला खून लपवणारा बाप. एकही मारामारी नाही. शेवटी पोलीस अधिकारी विचारतो, 'मुलगा कुठे आहे?' आणि बापाने मिनिटभर गप्प बसायचं. 'दादा, मी वाक्य विसरलोय असं लोकांना वाटायला नको. गप्प कसं बसायचं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?'

ठाऊक होतं, म्हणूनच लिहवेना. शब्दांशी ज्याचा कधी संबंध नव्हता, त्याच्या ताटात हे आयतं पडावं, आणि वर मीठही मीच वाढावं?

परवा भावजयीचा फोन आला. शेवटचा प्रसंग जमत नाहीये, ह्यांना जेवण जात नाही, दिग्दर्शक दुसऱ्या नटाचं नाव काढू लागलाय. मी अरेरे म्हणालो. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. इतकं, की चहा मागितला.

काल चित्रीकरण पाहायला गेलो. काळजीने जातोय, असं बायकोला सांगितलं.

एक टेबल, दोन खुर्च्या. प्रश्न आला की भिंगरी दगडासारखा बसे, पण डावा खांदा किंचित खाली जाई. वार चुकवायची तीस वर्षांची सवय. काहीतरी खोटं वाटतंय, एवढंच दिग्दर्शक म्हणत होता. नऊ वेळा झालं. मला पहिल्याच वेळी दिसलं होतं, आणि नऊही वेळा मी बोललो नाही.

मग तो माझ्याजवळ आला. केस पांढरे केलेले. थेट आमच्या बाबांसारखा दिसत होता. पत्राचा विषय त्याने काढलाच नाही.

"सोमवारी शेवटची संधी, दादा. नाहीतर पुन्हा लाथा आहेतच," तो हसला. मग हळूच म्हणाला, "तू लहानपणी आरशासमोर नाटकं बोलायचास ना, मी दाराआडून ऐकायचो. हा बाप मी तुझ्या आवाजात बोलतोय."

मला एक प्रेक्षक होता, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. मी त्याचा डावा खांदा थोपटला आणि घरी निघालो. समोरासमोर बोलणं मला कधीच जमलेलं नाही.

आज सकाळी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'प्रश्न आला की तुझा डावा खांदा वार चुकवतो. चुकवू नकोस, लागू दे. वाक्य विसरलेला नट स्वतःच्या आत शोधत बसतो. गप्प बसलेला समोरच्याचं ऐकत राहतो. तू ऐक. उत्तराला उशीर हेव्यामुळे झाला.' शेवटचं वाक्य खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

बायको म्हणाली, "अहो, फोन करा की." फोनवर मी नुसतं 'बरं आहे ना' एवढंच विचारलं असतं.

आज नऊच्या टपालाआधी टाकलेलं पत्र शनिवारी पोचणार होतं. साडेआठ झाले होते. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, तसाच कोपऱ्यावर गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.