महेबूबच्या दुकानातली अडखळती कॅसेट

मी व्हिडिओची कॅसेट. हल्लीच्या लेकरांच्या हातात दिली तर विटेसारखी उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, हे काय आहे? म्हणून आधीच ओळख सांगून टाकते. माझ्या पोटात काळी चकचकीत फीत आहे आणि त्या फितीवर एक अख्खा सिनेमा आहे. आता तो चालतो की नाही, हा प्रश्न वेगळा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आपला जन्म कुणाला आठवतो? शुद्ध आली ती वसमतला, बसस्टँडजवळच्या महेबूबच्या दुकानात. तेव्हा आमचा जिल्हा परभणी, हिंगोली वेगळी व्हायची होती. महेबूब कॅसेटी भाड्यानं द्यायचा, कुणाला हवा तर टीव्ही आणि कॅसेट चालवायचं मशीन, व्हीसीपीसुद्धा. फळीवर माझ्या शेजारी सगळे मारामारीचे सिनेमे, कव्हरावर रक्त आणि बंदुका. माझ्या कव्हरावर एक टकला माणूस, कडेवर पोर आणि हातात उलथणं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं आणि पुढं सरकायचं.

पण स्वतःच्या तोंडानं सांगते, माझ्या पोटातला सिनेमा लाखात एक. बायको वारलेला एक पोस्टमास्तर आणि त्याची चार लेकरं, एवढीच गोष्ट. इतर सिनेमांतल्या अशा बापांना दोनच कामं, फोटोपुढं रडायचं आणि दुसरं लग्न करायचं. हा गडी रडत बसत नाही, तो चुकत राहतो. सकाळच्या धांदलीत डब्यातल्या पोळीवर टपालाचा शिक्का मारतो आणि पत्राला तूप लावतो. दूध उतू घालवतो, मग त्यावर पाणी ओततो, मग त्यावरून स्वतःच घसरून पडतो आणि पडल्या पडल्या लेकरांच्या आधी आपणच हसतो. त्याचं ते हसणं मला फार आवडतं. इतक्या वेळा फिरले, पण कधी कंटाळा आला नाही.

माझं नशीब उघडलं ते हळदीच्या दिवसांत. तांड्यावरचा थावरा हळद विकून टीव्ही-व्हीसीपी न्यायला आला. मारामारीच्या कॅसेटी सगळ्या बाहेर गेलेल्या. नाइलाजानं मला घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत देताना म्हणाला, अजून एक दिवस ठेवू द्या. तिथून मी जी फिरायला लागले ती थांबलेच नाही. तांड्यावर, सिद्धेश्वरच्या धरणावर, कुणाच्या बारशाला, कुणाच्या सुपारीला. माझ्या अंगावर पिवळी बोटं कायमची उमटली. बापे माणसं मला बघताना मोठ्यानं हसायची आणि मधेच हळूच आपल्या लेकरांकडे बघायची. ते बघितलं की मला माझा अभिमान वाटायचा.

एवढं सगळं गाव हसत होतं, पण महेबूब काही हसत नव्हता. त्याची बायको काविळीनं गेली होती. मागं राहिली हुमेरा, नुकती शाळेत जायला लागलेली. दुकानामागच्या खोलीत बाप-लेक राहायचे. महेबूब भाजी बरी करायचा, कपडे धुवायचा, पण पोरीच्या केसांपुढं हात टेकायचा. कंगवा लावला की ती रडायची, ती रडली की हा कंगवा ठेवून द्यायचा. केसांचा पार गुंता झाला, उवा झाल्या, शाळेतल्या बाईंनी घरी पाठवलं.

ही बातमी कुरुंद्याला पोचली. तिथं हुमेराची खाला, आईची थोरली बहीण जाहेदा. घरी हळदीची शेती, दोन पोरगे, मुलगी नाही. ती येऊन सरळ बोलली की पोरीची जात आहे, बापाच्यानं निभायचं नाही, मी नेते. बाई वाईट नव्हती, बहिणीच्या लेकराची हालत तिला बघवत नव्हती. महेबूबनं मान खाली घालून थोडी मुदत मागितली. ईदपर्यंत बघू, असं ठरलं.

त्यानंतर महेबूबनं एक नवं काम सुरू केलं आणि त्यात मी सापडले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो मला मशीनमध्ये घालायचा. सिनेमात पोस्टमास्तर थोरल्या पोरीची वेणी घालतो, तिथं येऊन चित्र थांबवायचा. हुमेराला पुढ्यात बसवायचा, एक डोळा पडद्यावर, एक तिच्या डोक्यावर. पुन्हा मागं, पुन्हा पुढं, पुन्हा थांब. आम्हा कॅसेटींना असं एका जागी ताटकळत ठेवलं की फीत झिजते. माझीही झिजली. त्या जागी पांढऱ्या रेघा आल्या, चित्र फाटायला लागलं. गिऱ्हाईकं कुरकुर करायची. थावरा तेवढा म्हणायचा, तिथं आलं की आमी टीव्हीला दोन थापा देतो, चालतंय.

खरी गंमत पुढंच आहे. पोस्टमास्तरला वेणी कुठं येत होती? तो टपालाची पोती बांधणारा, केसांचा दोर वळतो आणि त्या दोन वेण्या वासराच्या शिंगांसारख्या ताठ उभ्या राहतात. लोकांना हसवायला घातलेला तो प्रसंग. आणि आमचे महेबूबमियाँ तोच मन लावून शिकत होते! मी आतून ओरडत होते, अरे बाबा, गुरू चुकला. पण कॅसेटीचं कोण ऐकतं?

बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, जाहेदा आली. तिनं हुमेराची ती शिंगं बघितली आणि पोरीचे फ्रॉक पिशवीत भरायला लागली. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. महेबूब दुकानात जाऊन उगाच कॅसेटी पुसत बसला. ईदपर्यंतचा ठरलेला शब्द त्याला मोडायचा नव्हता. माझा तर जीव टांगणीला लागला.

गाडीला वेळ होता. हुमेरानं खालाचा हात धरून तिला टीव्हीपुढं बसवलं आणि मला मशीनमध्ये सरकवलं. जाहेदा असलं काही बघायची नाही. पाठ फिरवून बसली. पोळीवर शिक्का पडला तेव्हा तिनं मान थोडी वळवली, पोस्टमास्तर घसरला तेव्हा पदर तोंडाला लावला. बहीण गेल्यापासून ती हसली नव्हती, हे मला नंतर कळलं. मग वेणीची जागा आली आणि मी अडखळले. रेघाच रेघा.

"इथंच काहून बिघडली गं ही?"

"अब्बा रोज इथंच थांबवतात," हुमेरा म्हणाली. "मला पुढं बसवतात अन् ह्याचं बघून वेणी घालतात."

जाहेदानं रेघांच्या आडून पडदा नीट बघितला. मग पोरीचं डोकं बघितलं. पुन्हा पडदा. आणि ती अशी हसायला लागली की हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते काही थांबेना. तशीच उठून ती दुकानात गेली.

"महेबूबमियाँ, तो लोकांना हसवायला तसं करून राहिला. तुमी त्याचंच शिकलात?"

महेबूब कॅसेट पुसायचा थांबला. "आपा, मला वाटलं, बापाच्या हातची वेणी अशीच येत असंल."

जाहेदानं पदरानं डोळे पुसले. तेलाची बाटली मागितली, उंबऱ्यात बसली, हुमेराला पुढं घेतलं आणि महेबूबला शेजारी बसवून म्हणाली की हात असा धरा, केसाचे तीन पदर करा, पिळायचं न्हाई, एकावर एक टाकत जायचं. त्याच्याकडून घालून घेतली, सोडायला लावली, परत घालून घेतली. दुपारची गाडी केव्हाच निघून गेली. मग तिनं पिशवीतले फ्रॉक एकेक करून पुन्हा खुंटीला अडकवले. ते बघून मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मशीनमध्ये तशीच अर्धवट अडकून पडले होते, पण त्या दिवशी मला कुणी बाहेर काढलं नसतं तरी चाललं असतं.

पुढं सीडी आली आणि आमचं राज्य संपलं. दुकानात मोबाईल आले, हुमेरा डी.एड.ला हिंगोलीला गेली. बाकीच्या कॅसेटी भंगारात निघाल्या. मला मात्र जाहेदानं मागून नेलं. आता मी कुरुंद्याला तिच्या कपाटात असते. घरात मला चालवायचं मशीन नाही, फितीला बुरशी आलीय. तरी मला चालवा असा माझा हट्ट नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल तर फेकण्याआधी एवढंच आठवा, तिच्यापुढं बसून घरात कोण कोण हसलं होतं.

कारण माझा सिनेमा आता जाहेदाच्या तोंडी आहे. संध्याकाळी नातवंडं तिच्याभोवती बसतात आणि ती सांगते. तिच्या सांगण्यात पोस्टमास्तर वसमतचा झालाय आणि चार लेकरांची एकच मुलगी उरलीय. आणि माझ्या फितीवर कधीच नव्हती अशी एक खाला तिनं त्यात घातलीय. ती पोरीला न्यायला येते आणि रिकाम्या हातानं परत जाते. लेकरं तिथंच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतात, आणि सांगणारी म्हातारीही वाजवते.