बेचाळीसने कमी

तिने मॉडेलमधून तो तुकडा पुन्हा काढून टाकला आणि संगणकाला नकाशा नव्याने काढायला लावला. सकाळपासूनची ही चौथी खेप. पडद्यावर निळी जाळी हळूहळू जमत गेली. जिथे अणू तिथे जाळी, एवढं समजलं की हा नकाशा कुणालाही वाचता येतो. प्रथिनाचा कण न् कण जाळीत होता. त्याच्या कुशीत डीएनएची दुपेडी शिडी होती. पाण्याचे सुटे रेणूसुद्धा बोटाने मोजून घ्यावेत इतके स्वच्छ दिसत होते. फक्त सातव्या कडीवर, जिथे अ‍ॅसिटिल गट असायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं.

हा गट म्हणजे हायड्रोजन सोडले तर जेमतेम तीन अणूंचा जीव. पण सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता. डीएनएवर ही बारीकशी खूण असली की हे प्रथिन तिला नेमकं हुडकून काढतं. कसं काढतं, ते कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहायचं म्हणून खूण चिकटवलेला डीएनए तिच्या नवऱ्याने शेजारच्या इमारतीत बनवला होता. तिने तो प्रथिनात मिसळून काचेच्या चकत्यांना उलटे थेंब लटकवले होते, अकराशेहून जास्त. थेंब आठवडे न् आठवडे सुकत ठेवायचे आणि त्यात स्फटिक धरतो का, ते रोज भिंगातून बघायचं. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की अणूंचा नकाशा मिळतो. स्टोअरकीपरने दोघांची नावं ठेवली होती, थेंबवाली आणि बाटलीवाला. तिला तिचं नाव आवडायचं.

पहिला स्फटिक आला तो धूसर होता. त्याचा नकाशा काढताना तिने खुणेचा गट आधीच मॉडेलमध्ये बसवून घेतला, आणि नकाशाने मान डोलावली. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही या धंद्याची जुनी खोड. म्हणून आपल्याला हवासा वाटणारा तुकडाच शेवटी काढून बघायचा असतो; तो खरा असेल तर जाळी तिथे तरीही उमटते. या महिन्यात आलेला स्फटिक असा काही निघाला की तिने आयुष्यात तसा पाहिला नव्हता. त्याच्यापुढे कसलीच लपवाछपवी चालेना.

आज बारा वाजता विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत बैठक होती. पुढच्या महिन्यात नवरा-बायको दोघांचीही कंत्राटं संपत होती आणि विभागात जागा एकच उरली होती. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, ज्याचं काम टिकेल त्याची जागा. खूण कुठे गळाली, बाटलीत की थेंबात, एवढंच आज ठरायचं होतं.

तिने फ्रीझरमधून नवऱ्याच्या डीएनएची उरलेली बाटली काढली आणि त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर गेली. रेणूंचं वजन करणारं यंत्र तिथे होतं आणि ते चालवणारे काका यंत्राहून जुने होते. त्यांनी बाटली हातात घेऊन चष्मा कपाळावर सरकवला.

"ही आलीय की माझ्याकडे आधी."

"नाही काका, ही पहिल्यांदाच येतेय. आमच्याकडे बनवणाऱ्याच्या शब्दावर चालतं."

"अहो, साहेब स्वतः घेऊन आले होते. तुमचे साहेब. खाली आले, उभ्या उभ्या करून घेतलं आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही."

काकांनी नमुना आत सोडला. दहा मिनिटांनी कागद आला. खूण असती तर वजन भरायला हवं होतं तीन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी. भरलं तीन हजार सहाशे शेहेचाळीस. बेचाळीसने कमी. अ‍ॅसिटिल गट बसल्यावर वजन बेचाळीसनेच वाढतं.

"जुना कागद मिळेल?"

काकांनी रजिस्टरची पानं उलटली, मग संगणकात शोधलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख. खाली नवऱ्याची सही. आकडा हाच.

"बघा," काका म्हणाले, "दोन वर्षांत वजन न वाढलेलं या इमारतीत एवढं एकच असेल."

एरवी ती हसली असती. तिने दोन्ही कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवले आणि जिना चढायला लागली. पहिल्या मजल्यापर्यंत ती त्याचीच बाजू मांडत होती. चुकून पाहायचा राहिला असेल आकडा. दुसऱ्याच बाटलीशी गफलत झाली असेल. वाईट माणूस नव्हता तो. लेकीच्या वेण्या तो घालायचा, स्वतःच्या आईचं दुखणं त्याने काढलं होतं तसंच बायकोच्या आईचंही. आणि रोज संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचा, काय म्हणतात तुझे थेंब? दुसऱ्या मजल्यावर तिच्या ध्यानात आलं, आकडा ठाऊक असूनच तो हे विचारत होता. तिला भयंकर राग आला होता.

तो आपल्या प्रयोगशाळेत सिंकपाशी कुप्या धूत होता.

"वजन करून आले," ती म्हणाली.

कशाचं, असं त्याने विचारलं नाही. हातातली कुपी स्टँडमध्ये ठेवली, ती भलत्याच भोकात गेली, काढून पुन्हा ठेवली.

"काकांनी सांगितलं?"

"जुना कागदही दिला."

त्याने नळ बंद केला. "अमोनियात गेली गं ती. बाकीच्या बाटल्यांबरोबर. शेवटी साध्या डीएनएला ठेवतात तसं अमोनियात गरम करत ठेवलं. हिला नाही चालत ते, खूण धुऊन निघते. मला काय माहीत नव्हतं? पण हात सवयीने चालतो. लक्षात आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं."

"मग पुन्हा बनवायची."

"कशातून? खुणेच्या कडीचा कच्चा माल संपला होता. बाहेरून मागवायला आठ महिने. आणि तुझं कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं, आठवतंय? बाटली नाही तर प्रकल्प नाही, प्रकल्प नाही तर तू घरी. तू किती रडत होतीस त्या दिवसांत."

"म्हणजे माझ्यासाठी केलंस."

"आपल्यासाठी."

त्याने हात पुसले आणि आवाज खाली आणला. त्याने सगळा विचार आधीच करून ठेवला होता. "आत गेल्यावर थेंबात गळाली म्हण. तुझा थेंब अमोनियासारखाच आम्लारिधर्मी, त्यात तीन आठवडे राहिली तर ती गळतेच. मॅडमना पटेल. त्यात तुझी लबाडी नाही, नशीब वाईट एवढंच. फार तर हे कंत्राट जाईल, तुला दुसरीकडे मिळेल. माझं बाहेर आलं तर ती लबाडी ठरते. मला कुणी दारात उभं करणार नाही, आणि प्रकल्पच बंद झाला म्हणजे तूही गेलीस. दोघंही घरी बसायचं का?"

हिशेब बरोबर होता. तिने तो दोन्ही बाजूंनी तपासून पाहिला, सवयीने. साध्या डीएनएबरोबरचं हेच चित्र गेल्या वर्षी परक्या कुणीतरी छापूनही टाकलं होतं. तिच्या दोन वर्षांतून तसंही काही निघणार नव्हतं. घरातली एक जागा तरी वाचत होती. लेकीची शाळा होती.

"बरं," ती म्हणाली.

त्याने सुटकेचा श्वास सोडला. तिच्या काखेतली फाइल नीट केली.

"एक सांग," ती म्हणाली. "मॅडमना नाही सांगितलंस, ठीक. मला का नाही सांगितलंस? घरी. जेवताना. कधीही."

"सांगणारच होतो गं." जीव भांड्यात पडलेला माणूस मोकळा बोलतो, तसा तो बोलला. "मग म्हटलं कशाला? तोवर या प्रथिनाचे स्फटिक कुणाला तरी आले होते का? मोठमोठे थकले. तुला तरी कुठे येणार होते. वाटलं, वर्ष दीड वर्ष जाईल, थेंब सुकतील, प्रकल्प आपोआप गुंडाळला जाईल. बाटलीत काय होतं हे कोण विचारतंय मग?" तो किंचित हसलासुद्धा. "आणि तुला आले. तेही असले लख्ख. पहिल्यासारखे धूसर राहिले असते तरी निभावलं असतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर कुठेही दुष्टपणा नव्हता. उलट कौतुकच होतं थोडं.

"चल," तो म्हणाला, "बारा वाजले."

मॅडमच्या टेबलावर तिचा नकाशा छापून ठेवला होता. मॅडमनी दोघांना बसायला सांगितलं आणि पेनाच्या टोकाने सातव्या कडीजवळची मोकळी जागा दाखवली.

"तर ही खूण गेली कुठे? पैसे देणाऱ्या परिषदेला मला लेखी कळवायचंय. पहिल्या स्फटिकावरून आपण तिथे ती दिसल्याचं सांगून बसलोय."

"थेंबाची परिस्थिती पाहता, मॅडम," नवऱ्याने सावकाश सुरुवात केली, "आम्ही दोघंही या निष्कर्षावर आलोय की तीन आठवड्यांत…"

"एक मिनिट." मॅडम तिच्याकडे वळल्या. "थेंब तुमचे. तुम्ही सांगा."

नवऱ्याने मान हलवून तिला सांग म्हणून खुणावलं, अगदी मायेने, लेकीला बक्षीस समारंभात खुणावायचा तसं.

तिने फाइल उघडली. दोन कागद काढले आणि नकाशाच्या बाजूला ठेवले, तारखा वर येतील असे.

"माझ्या थेंबात काही बिघडलेलं नाही, मॅडम. हा गट त्यात कधी पडलाच नव्हता."

मॅडमनी पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. खालच्या सहीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वर पाहिलं ते आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे. नवरा स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

"याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?" मॅडम तिला म्हणाल्या. "हे मला वर पाठवावं लागेल. प्रकल्प आजच थांबतो. तुमचंही काही राहत नाही यात."

"कळतंय."

"थेंबात गळाली म्हणाला असतात, तर मी फार खोदलं नसतं."

"हो."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक वाजत होतं. मॅडमनी कागद एकावर एक ठेवले, नकाशा उचलला आणि परत द्यायला म्हणून पुढे केला. पण हातातून सोडायच्या आधी त्यांनी तो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. जाळीवरून, प्रथिनाच्या कडेकडेने, पाण्याच्या सुट्या रेणूंवरून त्यांची नजर फिरत राहिली.

"स्फटिक मात्र…" त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"येणार नाहीत असं वाटलं होतं," ती म्हणाली. "ह्यांना."